एकोणतीस पौंड

रॅकेट हातात आली की खेळाडू आधी काय करतो? तारांवर नख मारतो आणि कान लावतो. टणक आवाज आला तर ठीक, नाहीतर तारा ताणून देणाऱ्या गटिंगवाल्याची बिनपाण्याने. बत्तीस वर्षं मी रॅकेटच्या तारा ताणतोय. कधीच नख न मारणारी एकच खेळाडू पाहिली. माझी पोरगी. "बाबांनी ताणलीय, त्यात काय बघायचं?" म्हणते आणि रॅकेट पिशवीत कोंबते.

आशियाई स्पर्धेत ती पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत पोचली. हा सामना जिंकला की पदक पक्कं, मग पुढे हरली तरी. आणि खांद्याने नेमका तेव्हाच दगा दिला. सकाळी केस बांधायला हात वर जाईना. मीच रबर लावून दिला, वेडावाकडा.

"तिन्ही रॅकेट एकोणतीस पौंडांवर हं बाबा. नेहमीसारख्या," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

एवढ्या कडक तारांनी शटल लांब मारायचं तर खांद्यातला जोर लागतो. तारा जरा सैल असल्या की ते आपसूक लांब जातं. हे तिला सांगून काही उपयोग नव्हता, हट्टीपणा बापाकडूनच आलाय. मग माझं शहाणपण उतू गेलं. मशीनचा काटा सव्वीसवर आणला आणि तिन्ही रॅकेट ताणल्या. म्हटलं, पोरीचा खांदा वाचेल, तिला कळायचंही नाही.

नाहीच कळलं. तिसऱ्या गेममध्ये तिचं शटल पुन्हा पुन्हा मागच्या रेषेबाहेर पडायला लागलं. दोन बोटं, तीन बोटं. ती वर एसीच्या झोताकडे बघायची, मग स्वतःच्या मनगटाकडे. रॅकेटकडे एकदाही बघितलं नाही. मी वर प्रेक्षकांत बसून मनातल्या मनात ओरडत होतो, अगं, नख मार! एकदा तरी मार! एकोणीस-वीस. शेवटचं शटलही बाहेरच पडलं.

खाली गेलो तेव्हा ती बुटांच्या नाड्या सोडत होती.

"खांदा अजिबात दुखला नाही हो. हातच चुकला माझा. अंदाजच राहिला नाही आता. बास, सोडते मी."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण तिने जन्मभर स्वतःच्या हाताला दोष दिलेला मला बघवला नसता. सांगून टाकलं सगळं.

तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "माझ्यासाठीच केलंत ना," म्हणाली. "जाऊ दे." एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

खेळ तिने सोडला नाही. चार महिन्यांनी, खांदा बरा झाल्यावर, नवी रॅकेट घेऊन दुकानात आली. "एकोणतीस," म्हणाली. मी काटा तिला दिसेल असा वळवून ठेवला. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. स्टुलावर पाय हलवत बसली होती, आईची नक्कल करून मला हसवत होती. मी इतक्या महिन्यांनी मोकळा हसलो.

ताणून झाल्यावर रॅकेट तिच्या हातात दिली.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली, आणि तारांवर नख मारून कान लावला.