शिखरावरची शांतता

'मी एकदा दौलताबादच्या किल्ल्यावर चढले. शिखरावर संपूर्ण शांतता होती.' हेच वाक्य सकाळपासून अडतिसाव्या उत्तरपत्रिकेत वाचून विशाखा मॅडमनी पेन खाली ठेवलं. तेरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून त्या पार थकल्या होत्या.

दहा गुणांच्या अंतर्गत परीक्षेत एकच प्रश्न होता, रोमँटिसिझम आणि ट्रान्सेंडेंटलिझमच्या नात्याचा. मॅडमच्या नोट्समध्ये सगळं होतं, उदाहरण म्हणून किल्ल्याचं ते वाक्यही. युरोपातल्या रोमँटिसिझमनं भावनेला आणि निसर्गाला मान दिला. तो समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला, तिथं ट्रान्सेंडेंटलिझम म्हणाला, निसर्गात जे आहे तेच तुझ्या आत आहे, तेव्हा दुसऱ्याचं नको, स्वतःचं ऐक आणि तसं जग. स्वतःचं ऐका, हे सगळ्या वर्गानं एका सुरात उतरवून काढलं होतं. याचं हसू यायलाही त्यांच्या अंगात त्राण नव्हतं.

पुढचा पेपर रत्नमालाचा. किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकणारी ही बाई लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा कॉलेजात आली होती. तिनं लिहिलं होतं, 'मी लई वेळा वर गेले. वर शांतता नसते, सहलीची पोरं आणि माकडं असतात. मला तिथं काही वाटत नाही. संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतताना चिंचेखाली वाटतं. तेव्हा मी कुणाची सून नसते, त्या झाडाचीच कुणीतरी असते. हे वाटणं म्हणजे रोमँटिसिझम असावा. त्या वाटण्यावर भरवसा ठेवून मी कॉलेजचा फॉर्म भरला, ते दुसरं, ट्रान्सेंडेंटलिझम. मॅडम वर गेल्या नसाव्यात.'

विभागप्रमुखांचा दंडक होता, नोट्समधले मुद्दे नसतील तर गुण नाहीत. म्हणजे रत्नमाला नापास आणि तिचं वर्ष वाया. मॅडमना आधी तिचा राग आला. मग तो ओसरला, कारण त्या खरंच कधी वर गेल्या नव्हत्या. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या सरांच्या वहीतून उचललं होतं.

त्यांनी रत्नमालाला बोलावून घेतलं. ती दारातच थांबली.

"चुकलं का मॅडम?"

"नाही. मी कधी वर गेलेच नाही."

रत्नमाला हसली नाही. "सकाळी आठच्या आत या. गर्दी नसती. मी येते संगं."

ती गेल्यावर मॅडमनी दहापैकी नऊ गुण दिले आणि खाली सही केली. कुठल्या मुद्द्यांवर दिले, हे विभागप्रमुख विचारणारच होते, आणि पुढच्या वर्षीचे तास त्यांच्याच हातात होते. मॅडमनी पुढचा पेपर उघडला. 'मी एकदा दौलताबादच्या किल्ल्यावर चढले.' या वेळी त्यांना मुलांचा कंटाळा आला नाही. स्वतःची लाज वाटली.