सातवीची घंटी

धडा थांबवून तेजस्विनीने श्रेयसच्या गळ्यातली घंटी काढली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण लोटून दिला.

सातवी ब चिडीचूप. मागच्या बाकावरून कोणाची तरी पेन्सिल घरंगळत खाली गेली, पण उचलायला कोणी वाकलं नाही.

घंटी म्हणजे काही खरी घंटी नव्हे. लाल फितीला लावलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर इंग्रजीत छापलेलं: मी आज इंग्रजी बोललो नाही. गाईच्या गळ्यातल्यासारखं लोंबतं म्हणून पोरांनी त्याला घंटी म्हणायला सुरुवात केली होती. उज्जैनच्या या शाळेच्या आवारात जो हिंदी, मालवी, मराठी, काहीही बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची. मग त्याने टपून बसायचं, दुसऱ्या कोणाला पकडायचं आणि त्याच्या गळ्यात ती अडकवून सुटायचं. शाळा सुटताना ज्याच्याकडे उरेल तो पोर्चमध्ये उभा, न्यायला आलेल्या सगळ्या आईबापांसमोर. नियम आवारातल्या प्रत्येकाला लागू, असं प्राचार्यांच्या सहीचं पत्रक नोटीस बोर्डावर होतं. प्रत्येकाला म्हणजे अर्थात पोरांना. खुद्द प्राचार्य व्यास मॅडम प्रार्थनेचा माइक बंद झाला की इंग्रजीचा शब्द काढत नसत.

आणि नेमका आजचा धडा! नव्या पुस्तकात युगांडातली एक गोष्ट होती. मिशनच्या शाळेत शिकणारी नाकातो. तिथेही घरची बोली बोलायला बंदी, आणि बोललं तर गळ्यात गुराचं हाड. दिवस मावळायला येतो आणि हाड अजून नाकातोच्याच गळ्यात असतं. पाणवठ्यावर तिची मैत्रीण घरच्या बोलीत गाणं गात असते. नाकातो अगदी तिच्या पाठीमागून जाते आणि हाड गळ्यात तसंच ठेवून मास्तरांपुढे जाऊन उभी राहते. गोष्ट तिथेच संपते.

"नाकातोला गाणं ऐकू आलं नव्हतं का?" तेजस्विनीने इंग्रजीत विचारलं होतं.

श्रेयस उठला होता. त्याच्या घरी सगळे मालवी बोलत. इंग्रजी त्याच्या तोंडातून यायची ती खडे निवडल्यासारखी.

"शी हर्ड, मॅम. बट शी..." त्याने हवेत हात फिरवले. शब्द सापडेना. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "सुनके अनसुना किया, मैम!"

तेजस्विनीच्या ओठांवर शाब्बास आलंच होतं. तेवढ्यात इशिता उठली. दुसऱ्या तासापासून घंटी तिच्या गळ्यात होती. तिने ती काढली, श्रेयसच्या गळ्यात घातली आणि जागेवर जाऊन बसली. तिचं तरी काय चुकलं? तिने नियमच पाळला होता.

आणि तेजस्विनीने ती काढली.

"मॅम, रूल आहे," इशिता इंग्रजीत म्हणाली.

"आहे," तेजस्विनीही इंग्रजीत म्हणाली. "पण त्याचं उत्तर बरोबर आहे."

मग तिने फळ्यावर ऐकून न ऐकल्यासारखं करण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते लिहिलं, आणि सगळ्यांनी ते निमूट उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावणं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत तेजस्विनी ऑफिसात गेली. घंटी तिच्या आधीच तिथे पोचली होती, व्यास मॅडमच्या टेबलावर, पेपरवेटखाली.

"ये आपने क्या कर दिया, मैडम?" व्यास मॅडम चिडलेल्या नव्हत्या, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. "इशिता के पापा का तीन बार फोन आया. बच्ची ने कल से खाना नहीं खाया. रो रही है कि मैं गंदी हूँ, मैंने श्रेयस को घंटी क्यों पहनाई. पाटीदारजी पालक समिति के अध्यक्ष हैं, मालूम है ना?"

"मॅडम, मैंने इशिता को कुछ नहीं कहा."

"कहानी ने कह दिया ना! कल सुबह वो आ रहे हैं. आप राजीनामा लिख के लाइए. बात यहीं ख़तम."

तेजस्विनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"राजीनामा?"

"और क्या रास्ता है? इसी में सबकी इज़्ज़त है." व्यास मॅडमनी फोन उचलला. भेट संपली होती.

त्या दिवशीचे उरलेले तास तिने कसे घेतले, देव जाणे. नानाखेड्याच्या शाळेतून ती फ्रीगंजात घरी आली. ती सांगलीची. लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हा इथली हिंदी तिला फार छळायची. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका आईला तिने बजावलं होतं, "आपके बेटे को चेष्टा नहीं करनी चाहिए." त्या बाई अवाक्! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. स्टाफरूम आठवडाभर हसत होती. पण तीन वर्षांत ते सगळं मागे पडलं होतं. येत्या एक तारखेला ती कायम होणार होती. या गावात सुमीतची बायको आणि अक्कांची सून यांच्यापलीकडे तिला स्वतःचं असं नाव मिळालं होतं ते त्या वर्गात. तेजस्विनी मॅम. ते आता उद्या जाणार.

"तोंड का उतरलंय ग?" अक्कांनी विचारलं. सासूबाईंचा जन्म उज्जैनचा, मराठीही उज्जैनचीच. "शाळेत काही परेशानी आहे का?"

"नाही हो, अक्का. डोकं दुखतंय."

"तर मग लेटून जा थोडी. भाजी मी बनवून टाकते."

सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण अक्कांनी साऱ्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं, आमची सून पक्की होतेय म्हणून. आणि सुमीतला कळलं असतं तर तो सकाळी तिच्याआधी शाळेत जाऊन हात जोडून उभा राहिला असता. ते तिला बघवलं नसतं. ती आतल्या खोलीत गेली आणि कागद घेऊन बसली.

इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. खोडल्या. तिला एकदम संताप आला. जायचंच आहे ना, मग आपल्या बोलीत जाऊ! वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: राजीनामा. खाली चार ओळी, की मी नोकरी सोडत आहे, आणि नेमणूकपत्राप्रमाणे आजपासून एक महिन्याची नोटीस देत आहे. सही करताना डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

सकाळी पाटीदार आधीच येऊन बसले होते. भांडायला आलेला माणूस दिसेल अशी तिने मनाची तयारी केली होती, पण रात्रभर झोप न झालेला बाप समोर होता.

"मैडम, मेरे पिताजी देवास गेट पे बसों में सवारी चढ़ाते थे," ते म्हणाले. "चिल्ला-चिल्ला के गला चला गया उनका. काउंटर के अंदर वो बैठता था जिसको अंग्रेज़ी आती थी. मेरी बेटी अंदर बैठेगी. बस इतना ही चाहिए मेरे को."

माणूस खोटं बोलत नव्हता. तेजस्विनीने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला.

"लीजिए, लिख लाईं," व्यास मॅडमनी मथळा वाचून तो पाटीदारांकडे सरकवला. "मराठी में है, चलेगा."

पाटीदारांनी खिशातून पेन काढलं. "मेरे को साइन कहाँ करना है?"

"आपको?" तेजस्विनी गोंधळली. "मेरे राजीनामे पे आप साइन क्यों करेंगे?"

"दोनों पार्टी करती हैं ना. आप राज़ी, मैं राज़ी. कचहरी में भी ऐसे ही होता है." मग त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं. "ये 'नोकरी सोडत आहे' मतलब?"

व्यास मॅडमनी कागद ओढून घेतला. वाचला. आणि कपाळाला हात लावला.

"हे भगवान! मैंने समझौता लिखने को कहा था, आप नौकरी छोड़ने चलीं? राजीनामा, मैडम, राजीनामा! आपस का समझौता! इस्तीफ़ा किसने माँगा?"

आधी पाटीदार हसले. मग व्यास मॅडम. मग तेजस्विनीलाही हसू फुटलं. ती खुर्चीत बसली. अगंबाई, म्हणजे कोणी काढत नव्हतं आपल्याला! त्या क्षणी तिला ती दोघं अगदी घरची वाटली.

"कन्फर्मेशन की फाइल पे मैंने कल ही साइन किया है," व्यास मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "चलिए, अब हिंदी वाला लिखिए. एक, ये अफ़्रीका वाली कहानी आगे नहीं पढ़ाई जाएगी. दो, घंटी आप अपने हाथ से, क्लास के सामने, इशिता को वापस देंगी. इशिता श्रेयस को पहना देगी. जहाँ से बात बिगड़ी, वहीं से ठीक."

तेजस्विनीने लिहायला घेतलं. वर राजीनामा लिहिलं. खाली 'एक' लिहिलं. पेन थांबलं.

"मॅडम, श्रेयस का जवाब सही था."

"अरे, होगा. उस बात को अब अनसुना कीजिए ना!"

तेजस्विनीने पेनाला टोपण लावलं. अक्का, सुमीत, एक तारीख, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग थोडा जास्त होता. तिने कोरा कागद मागे सारला आणि रात्रीचा कागद पुन्हा पुढे केला.

"हाच माझा राजीनामा," ती मराठीत म्हणाली. "आमच्या सांगलीत यालाच म्हणतात."

"क्या?" व्यास मॅडम म्हणाल्या.

तेजस्विनीने पेपरवेट उचललं, घंटी घेतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"अभी मैंने मराठी बोली ना, मॅडम. नियम सबको है, बोर्ड पे लिखा है. अब जब तक मैं किसी को नहीं पकड़ती, घंटी मेरे पास रहेगी." तिने कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एक महीना."

व्यास मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर घंटीवर गेली. सकाळपासून या खोलीत इंग्रजीचं एक वाक्य झालं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं, आणि त्या इंग्रजी शब्द शोधू लागल्या. पाटीदार पेन हातात धरून नुसते बसले होते.

तेजस्विनी बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये इशिता उभी होती, डोळे सुजलेले, पाठीवर दप्तर. तिने मॅमच्या गळ्याकडे पाहिलं.

"मैम, ये आपने क्यों पहनी?" ती बोलून गेली, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तेजस्विनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सातवी बच्या दिशेने चालू लागली. थोड्या वेळाने मागून इशिताची पावलं ऐकू आली.