डावीकडची शिवण

मी शिंपीण आहे. माप देताना बायका पोट आत ओढून उभ्या राहतात आणि मी त्यांना श्वास सोडायला लावते. टेपपुढे कुणाचं काही लपत नाही, माझ्या धाकट्या जावेचं तर मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं छाती मोठी करायचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हापासून मी तिच्यावर जळते.

माझी छाती म्हणजे इस्त्रीचं टेबल. हा विनोद नवऱ्याचा, लग्नाच्या पहिल्या वर्षातला, अजून चालू आहे. माझ्या प्रत्येक कपड्यात मी कप शिवते. धाकटीची गत माझ्यासारखीच होती, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावरच आमचं जमायचं. मग तिनं गुपचूप डॉक्टर गाठला. सासूबाईंनी अबोला धरला, आणि मीही सुतकी चेहरा करून त्यांच्या बाजूनं उभी राहिले.

तिनं मात्र सगळं समजूनउमजून केलं होतं. डॉक्टरांनी तीनदा बोलावून समजावलं होतं. आत बसवलेलं जन्मभर टिकत नाही, कधीतरी बदलावं लागेल. बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. तपासणी चुकवायची नाही, आणि एक बाजू सुजली किंवा कडक झाली तर लगेच यायचं. हे सगळं ती माप देता देता मला सांगायची, आणि मी तोंडात टाचण्या धरून हूं हूं करायचे.

ऑफिसात तिला बढती मिळाली तेव्हा तिनं माझ्याकडे अंगाबरोबरचे चार ड्रेस टाकले. पहिले दोन छान बसले. महिन्याभरानं तिसऱ्याच्या ट्रायलला डावीकडची शिवण ताणलेली दिसली. टेप लावली तर डावी बाजू अर्धा इंच जास्त.

आता दोन्ही बाजूंनी सारखं अंग कुणाचंच नसतं. एखादीचा खांदा उतरता असतो, एखादीची कंबर एकाच बाजूनं भरलेली. चांगली शिंपीण गिऱ्हाइकाला ते कळू देत नाही. एकीकडे शिवण सोडते, दुसरीकडे पातळ कप घालते, आणि आरशात सगळं सारखं दिसतं. मी तेच केलं. पण महिन्यापूर्वी हेच अंग दोन्हीकडे सारखं होतं, हे मला ठाऊक होतं. मनात आलं, चला, बाईसाहेबांचं बिघडलं एकदाचं. मी चक्क सुखावले.

ती आरशासमोर वळून वळून बघत होती. बसतोय ना, असं तिनं विचारलं. अगदी फिट्ट, मी म्हणाले.

चौथ्या ड्रेसला आणखी अर्धा इंच सोडावा लागला. मग आधीचे तिन्ही मागवून घेतले आणि तेही डावीकडून ढिले करून दिले.

तिसऱ्याच्या ट्रायलला दीड महिना झाला तेव्हा तिचा डावा हात वर होईना. दीर फिरतीवर होते, म्हणून ती मला सोबत घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं. आत पाणी साठलंय, म्हणाले. बहुतेकदा त्यात काही नसतं, पण क्वचित वाईट आजारही निघतो, म्हणून पाणी काढून तपासायलाच हवं. सूज कधीपासून आहे, त्यांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस," धाकटी म्हणाली. "कपडे तर सगळे नीट बसत होते." आणि तिनं दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.



"दीड महिना," मी म्हणाले. "आधी अर्धा इंच होती, मग एक इंच. मी शिवण सोडत गेले."

डॉक्टर लिहायचे थांबले.

"मला का नाही सांगितलंत, ताई?" धाकटीनं विचारलं.

लक्षात आलं नाही, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता.

"तुझं बिघडलं म्हणून बरं वाटलं गं मला," मी म्हणाले.

पडद्याआड सुईनं पाणी काढलं, ते नळीत भरून तपासायला गेलं. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. ती ड्रेस घालून उभी राहिली, पण पाठीची चेन लावायला तिचा हात पोचेना. मी पडद्याआत गेले, चेन लावायला हात पुढे केला. तिनं पाठ भिंतीला लावली आणि पडद्यातून डोकं बाहेर काढून नर्सला बोलावलं.