गोमतीचं मरण

समीर जोडे न काढताच जिना चढला. स्मृती नगरातल्या त्या घरात असं कोणी करत नसे. खाली नरहरीबुवा संध्याकाळच्या कीर्तनासाठी चिपळ्या पुसत बसले होते. त्यांनी मान वर करून त्याच्या जोड्यांकडे पाहिलं.

वरच्या खोलीत बुवांचा मुलगा अद्वैत कॉम्प्युटरपुढे होता.

"गोमतीचा सीन कावून कापला बे?" समीरनं विचारलं.

"कापला नाही. तिले वाचवलं."

"तुले कोणं सांगितलं होतं?"

'ताम्रतारा' या अंतराळपटांच्या मालिकेचा तिसरा भाग आला तेव्हा चाहत्यांचा पार विरस झाला होता. यानाचं इंजिन सांभाळणारी गोमती, जिच्यासाठी लोक तिकीट काढायचे, तिला एका वाक्यात संपवलं होतं: 'गोमती नहीं रही.' समीरचा मोठा भाऊ प्रवीण भडकला. डायलिसिसच्या खाटेवर लॅपटॉप मांडून त्यानं समीर आणि अद्वैतला हाताशी घेऊन पिच्चर पुन्हा कापला-जोडला. जाहिरातींतले, वगळलेले तुकडे हुडकून त्यानं गोमतीला तिचं मरण मिळवून दिलं: जळत्या इंजिनाशी ती एकटी, दार आतून लावून. मग प्रवीणच गेला. उरलेलं काम अद्वैतनं पुरं केलं आणि आज दुपारी चाहत्यांच्या ग्रुपवर शेवट टाकला. त्यात यान नव्या ग्रहावर उतरतं आणि गोमती सगळ्यांत हसत उभी असते. तो हसरा चेहरा त्यानं पहिल्या भागातून उचलला होता.

"आमच्या घरी कथा मरणावर सोडत नाहीत," अद्वैत म्हणाला. "बाबा नेहमी मंगलावरच थांबतात."

"ये कीर्तन है क्या? पिच्चर आहे. माझ्या भावाचा."

"तिघांचा आहे. आवाज कोणं जुळवला? रंग कोणं सारखे केले?"

"हमाली केली तू. सीन त्याचा होता."

"ढिला होता त्याचा सीन. खरं बोलून राहिलो."

"ढिला?" समीरनं खुर्ची लाथेनं सरकवली. "तू पाहिला कधी पूर्ण? दवाखान्यात आला नाही, घाटावर आला नाही. आता सीनमधूनही पळाला. भगोडा साला!"

"चल, निघ इथून!"

"काढून दाखव."

बुवा दारात येऊन उभे होते.

"काका, तुम्ही मधात पडू नका," समीर म्हणाला. "तुमच्याच शिकवणीनं झालं हे."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. बुवा मात्र लेकाकडे वळले. "मंगलावर थांबतो मी, खरं आहे. पण त्याच्या आधी रणात पोर पडतं, ते गातो की नाही? चिपळ्या थांबवून गातो. बाया पदरानं डोळे पुसतात, मग त्या पोराच्या बाळाचा पाळणा म्हणतो. तू नुसता पाळणाच उचलला."

"मी ऐकत आलो ना बाबा, लहानपणापासून."

"आरतीच्या वक्ताले येत होता तू. प्रसादापुरता."

समीर कडवट हसला. अद्वैतचे कान लाल झाले. त्यानं रागानंच माउस ओढला, हसरी गोमती काढली आणि प्रवीणचा सीन परत जागेवर बसवला.

"झालं समाधान?"

"चालव. दारापासून."

गोमतीनं दार लावलं. इंजिनाच्या उजेडात तिचा घामेजलेला चेहरा उजळला. अद्वैतनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"इकडे पाहा," समीर म्हणाला. "पाहत कावून नाही?"

अद्वैतनं पाहिलं. सीन खरंच लांब होता. प्रवीणनं तिला घाईनं मरू दिलं नव्हतं. तिनं हत्यारं पुसून ठेवली, काचेपलीकडच्या सोबत्यांना हात केला. अद्वैत या वेळी खिडकीकडे वळला नाही. कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

शेवटी पडद्यावर तिघांची नावं आली.

"तुझं काढ," समीर म्हणाला.

"बेटा, एवढं कशाले?" बुवा कळवळले.

"कीर्तन तुमचं, काका. हे आमचं."

अद्वैतनं बापाकडे पाहिलं. बुवांनी मान पडद्याकडे वळवली. अद्वैतनं स्वतःचं नाव पुसलं आणि पिच्चर ग्रुपवर चढवला. तो पूर्ण जाईपर्यंत समीर उभाच राहिला. मग खाली उतरून त्यानं गाडी सुपेल्याकडे, घराकडे वळवली.