कोमार्खोसचं थोबाड

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या देवळात, फाटक्या जबड्यानिशी खुंटीला लटकलो आहे. चेहरा मात्र माझा नव्हे. तो कोमार्खोसचा, खारवलेले मासे विकता विकता पुढारी झालेल्या माणसाचा. शी! असलं थोबाड जन्मभर मिरवायचं माझ्या नशिबी आलं.

मला घडवून घेतलं स्मिकिथोस नावाच्या नाटककाराने. कोमार्खोसला सेनापती होऊन कुठल्याशा दूरच्या बेटावर आरमार न्यायचं होतं, आणि स्मिकिथोसचा एकुलता एक मुलगा नॉसोन त्याच आरमारात वल्हेकरी होता. "लोकांना इतकं हसवतो, की त्या मासेवाल्याला कुणी दारात उभं करणार नाही," असं स्मिकिथोस म्हणे.

कारागिराने तागाच्या चिंध्या सरसात भिजवून साच्यावर थापल्या, डोळे बटबटीत केले, ओठ सुजवले. "अहो, लोकांनी ओळखलं तर कोमार्खोस माझे हात मोडेल," तो कुरकुरला.

"नाही ओळखलं तर मी मोडीन," स्मिकिथोस म्हणाला.

देवाच्या उत्सवात मी नटाच्या तोंडावर चढून रंगभूमीवर आलो आणि डोंगरउतारावर बसलेलं अख्खं अथेन्स खदाखदा हसलं. ऑलिव्ह चघळणाऱ्यांना ठसका लागला. पुढच्या रांगेत बसलेला खरा कोमार्खोस तर सगळ्यांत मोठ्याने हसत होता. निर्लज्ज मेला! स्मिकिथोसला नाटकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि रिवाजाप्रमाणे त्याने मला देवाला वाहिलं.

थोड्याच दिवसांनी टेकडीवर सभा भरली. त्याच लोकांनी मतासाठी हात वर केले, आणि कोमार्खोस सेनापती झाला.

देवळाच्या पायरीवरच स्मिकिथोसने शेजारच्या तेलेसोन कुंभाराला धरलं. "अरे, परवा त्याच्यावर हसून हसून रडलास ना? मग मत कसं दिलंस?"

"काय करू? बाकीच्यांना ओळखतो कोण?" तेलेसोन म्हणाला. "हा आपला ओळखीचा चेहरा. आणि तुझ्या नाटकाने आवडायलाच लागला बघ, लेकाचा!"

मूर्ख! हजारो मूर्ख, आणि शहाणपणाचा तोरा केवढा!

आरमार निघालं, त्यात नॉसोन गेला तो गेलाच. जहाजं बुडाली. कोमार्खोस तेवढा एका होडीतून सुखरूप परतला, त्याने वाऱ्याला दोष दिला, आणि लोकांना ते पटलंसुद्धा.

त्या दिवशी स्मिकिथोस देवळात आला आणि माझ्या तोंडात हात घालून त्याने जबडा फाडला. पुजारी धावला, "अहो, देवाचं आहे ते!" स्मिकिथोस खाली बसून लहान मुलासारखा रडला. त्याने पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

हल्ली लोक येतात, मला पाहून म्हणतात, "अरे, हा तर आपला कोमार्खोस!" पुन्हा हसतात. तो यंदा सेनापतिपदासाठी पुन्हा उभा आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, पुसाव्यात, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल. माझ्यावर तेवढी कृपा करू नका. माझ्यावर धूळ साचू द्या, या चेहऱ्याची कुणालाच ओळख पटणार नाही इतकी.