मागची लिफ्ट

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बदलीनंतर या उंच इमारतीत घर घेतलं ते एकाच हौसेपायी. दवाखाना, वाचनालय, बाग, बेकरी, सगळं पायी दहा मिनिटांत! मात्र रोज त्याच रस्त्यानं जाऊन-येऊनही त्यांना कुणी ओळखत नसे. ओळखत ते मावशींना, त्यांच्या लेकीला सांभाळणाऱ्या बाईंना. बेकरीवाल्यानं तर विचारलंच, "तुम्ही मावशींच्या छोटीच्या आई ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या खऱ्या, पण पोटात दुखायचं ते दुखलंच. त्याच संध्याकाळी छोटी बागेत पडली. आई दोन पावलांवर उभी असताना ती रडत धावली मावशींकडे. बाईंचा नुसता जळफळाट झाला.

इमारतीत लिफ्ट दोन. पुढची काचेची, रहिवाशांची. मागची कचऱ्याच्या डब्यांची आणि घरकाम करणाऱ्यांची. छोटी बरोबर असली की मावशी पुढच्या लिफ्टनं येत, कुणी हटकत नसे. बाईंनी रात्रीचं जेवण उरकलं आणि सोसायटीकडे तक्रार धाडली, 'घरकाम करणारे पुढच्या लिफ्टनं येतात. नियम सर्वांना सारखे हवेत.' मत्सराला न्यायाचा कोट चढवला की तो किती रुबाबदार दिसतो! बाईंना शांत झोपही लागली.

चौथ्या दिवशी त्या दुपारीच घरी आल्या. अठराव्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. जिन्यातून छोटीचा आवाज आला, म्हणून त्या खाली उतरत गेल्या. अकराव्या मजल्याच्या पायरीवर मावशी गुडघा दाबत बसल्या होत्या आणि छोटी आपल्या टोपीनं त्यांना वारा घालत होती.

"अहो, लिफ्ट सोडून जिन्यानं का?"

"मागची बंद पडलीय, ताई."

"वॉचमनकाका म्हणाले, तू पुढच्या लिफ्टनं जा, मावशी नाही," छोटी म्हणाली. "मग मी पण नाही गेले."

मावशी अवघडून म्हणाल्या, "त्यांनी तक्रार दाखवली. तिच्यावर आपल्याच घराचा नंबर होता. म्हटलं, चुकून पडला असेल."

बाईंना हो म्हणून सुटता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "चुकून नाही. मीच केली. ही तुमच्याकडे धावते, ते मला बघवत नाही."

मावशींनी छोटीच्या हातातली टोपी तिच्या डोक्यावर घातली. "तसं बोलायचंत ना, ताई. मी हात मागे घेतला असता." त्या कठडा धरून उठल्या. "पण माणसाला कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभं करणारा नियम आहे, तोवर मी या इमारतीत येणार नाही. पुढच्या लिफ्टनंही नाही. तुमच्या मेहेरबानीनं तर नाहीच."

त्या एकेक पायरी उतरू लागल्या. छोटीनं हंबरडा फोडला. बाईंनी तिला उचलून घट्ट धरलं, तर ती दोन्ही हातांनी आईला ढकलत होती.

बाई तशाच अकराव्या मजल्यावरच्या पहिल्या दाराशी गेल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. दार उघडणारे गृहस्थ रडणाऱ्या पोरीकडे बघतच राहिले.

"लिफ्टचा नियम रद्द करण्यासाठी सह्या गोळा करतेय," बाई म्हणाल्या. "पण आधी मी काय केलं ते ऐका, आणि मग सही करायची की नाही ते ठरवा."