वनाचं परमिट

पितांबरने परमिटचा क्रमांक पुन्हा टाकला. पडद्यावर पुन्हा तेच आलं: काम चालू. फिटर: वना.

वनाला दोंडाईच्यात अग्नी देऊन पितांबर कालच परतला होता. सुट्टीवर घरी गेलेला वना ओट्यावर बसल्या बसल्या गेला. त्याने दुरुस्तीला घेतलेली, कोळसा दळायची मिल इकडे स्विचला कुलूप घालून बंद होती. आणि वीज केंद्रातल्या नव्या कॉम्प्युटरला तिचं परमिट दुसऱ्या कुणाच्या हातून बंद झालेलं चालत नव्हतं.

हा नियम फोरमन म्हणून पितांबरनेच घालायला लावला होता. पूर्वी कागदावर कोणीही सही करी. तशाच एका सहीवर मिल सुरू झाली आणि आत काम करणाऱ्या जीवराम फिटरचा हात गेला. म्हणून कॉम्प्युटर बसवताना त्याने पुण्याच्या इंजिनियरला बजावलं होतं, की जो आत उतरला त्यानेच काम संपल्याचं सांगायचं. अडीनडीला एखादी वाट ठेवू या, असं इंजिनियर म्हणत होता. पितांबरने ती ठेवू दिली नाही.

आज तोच इंजिनियर प्रोग्राम बदलून शेजारी बसला होता. माणूस येऊ शकत नसेल, तर आता फोरमनने कारण निवडायचं: रजा, बदली किंवा इतर.

"पितांबरभाऊ, इतर निवडा," तो हळूच म्हणाला.

पितांबरने मान डोलावली. त्याचा हात मात्र उचलला गेला नाही. वनाची बायको कमलबाई हंबरडा फोडत होती, तेव्हाही तो असाच भिंतीला टेकून कोरडा बसला होता. साहेबांचा फोन आला, मिल कधी देता म्हणून. देतो, म्हणाला. मग आधी बघून येतो म्हणत उठला, तसा इंजिनियरही मागोमाग निघाला.

वनाने काम पुरं केलं होतं. हत्यारं पुसून कडेला लावलेली होती. मिलचं दार लावायचं तेवढं राहिलं होतं. लावण्याआधी आतल्या माणसाला हाक मारायची, ही फिटर लोकांची रीत. ती कॉम्प्युटरात घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पितांबर वाकला, डोकं आत घातलं.

"वना, मझार शे का रे?"

आवाज लोखंडात घुमला आणि विरला. माणूस ओ देईल एवढा वेळ तो तसाच वाकून राहिला. दारापाशी थांबलेला इंजिनियर खाली बघत होता.

"आत कोणी नाही," पितांबर त्याला म्हणाला, आणि परमिट बंद करायला वळला.